केनयार्डसाठी घेतलेले रोड साइन बोर्ड: एक गाळप हंगाम वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, बोर्ड चांगले आहेत, पैसे वसूल झालेत आणि परत घ्यायचे झाले तर तिथूनच घेणार. आता सविस्तर लिहितोय कारण बोर्ड घ्यायच्या आधी मी नेटवर मराठीत काही मिळतंय का बघितलं तर सगळीकडे लर्निंग लायसन्सच्या परीक्षेची चिन्हं आणि त्यांचे अर्थ एवढंच, विकत घेताना काय बघायचं हे कुठेच नाही. सोसायटीवाले, शाळावाले, एमआयडीसीतले छोटे कारखानदार, ग्रामपंचायती, सगळ्यांनाच कधी ना कधी हे बोर्ड लागतात, आणि बहुतेक वेळा गावातल्या फ्लेक्सवाल्याकडे जाऊन 'वीसचा बोर्ड कर' एवढं सांगून काम उरकलं जातं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. हंगामात आमच्याकडे रात्रभर वाहनं येत असतात, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, अंगद (ट्रॅक्टरला जोडलेल्या छोट्या गाड्या), ट्रक आणि अजूनही बऱ्याच बैलगाड्या, आणि हे सगळं एकाच आवारात वजनकाटा, केनयार्ड (उसाच्या गाड्या उभ्या राहायची जागा), गव्हाण (ऊस गाळपाला टाकायची जागा) आणि परत रिकामा काटा असं फिरतं. ड्रायव्हर सोळा-सोळा तास जागा असलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा हवेत. अशा ठिकाणी बोर्ड म्हणजे शोभेची वस्तू नाही. आम्ही घेतले ते असे: वजनकाट्याच्या आधी 'स्टॉप', रिकाम्या गाड्यांचा रस्ता भरलेल्यांच्या रस्त्याला मिळतो तिथे 'रस्ता द्या', बाहेर पडायच्या गेटवर बाहेरून येणाऱ्यांसाठी 'प्रवेश बंद', सगळीकडे वेगमर्यादा २०, फायर हायड्रंटसमोर 'नो पार्किंग' आणि ट्रकच्या टिपलरकडे (ट्रक कलता करून ऊस रिकामा करायचं यंत्र) जाणाऱ्या रस्त्यावर 'बैलगाडी बंद'. बनवणारं युनिट भोसरीकडचं आहे, हायवेच्या ठेकेदारांना माल देतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला दुकानापेक्षा मालाबद्दल बोलायचंय आणि हाच माल चार ठिकाणी मिळतो, फक्त मागता आला पाहिजे.

मागायचं कसं, तर 'आयआरसी ६७ प्रमाणे' असं कोटेशनमध्ये लिहून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसचा हा कोड १९७७ पासून आहे, मधे बऱ्याचदा सुधारला, २०२२ ची आवृत्ती आहे. चिन्हाचा आकार, रंग, पट्टीची जाडी, अक्षरांची उंची, शीट कोणती, पत्रा किती जाडीचा, खांब कसा, सगळं त्यात आहे. आणि ही चिन्हं नुसती इंजिनियरांची आवड नाही, मोटार वाहन कायदा १९८८ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहेत आणि ती पाळणं कलम ११९ प्रमाणे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. मुळात हे सगळं १९६८ च्या व्हिएन्ना कराराच्या धर्तीवर चालतं, त्यामुळे लाल कडेचा गोल म्हणजे मनाई हे आपल्याकडेही तेच आणि जर्मनीतही तेच. स्वीडन-फिनलंडमध्ये आतली पार्श्वभूमी पांढरीऐवजी पिवळी असते कारण बर्फात पांढरा गोल हरवतो, पण कडा लालच.

आता रंगाचं. लोकांना वाटतं लाल म्हणजे लाल. तसं नाहीये. कोणता लाल चालेल हे आकड्यांत बांधलेलं असतं, रंगाच्या आलेखावर चार कोपऱ्यांची एक चौकट असते आणि शीटचा लाल त्या चौकटीच्या आत यावा लागतो, नवीन असतानाही आणि उन्हात वर्षानुवर्षं राहिल्यावरही. आमच्याकडे आधीचे बोर्ड होते ते तालुक्याच्या गावातून करून घेतलेले, पांढऱ्या रेडियमवर साध्या प्रिंटरचा लाल. एका उन्हाळ्यात गुलाबी झाले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पांढऱ्या गोलात काळा २० एवढंच उरलं. साध्या शाईतला लाल सगळ्यात आधी उडतो, काळा टिकतो, म्हणजे नेमकं जे हुकूम सांगतं ते जातं आणि नुसता आकडा राहतो. लाल कडा गेलेला २० हा वेगमर्यादेचा बोर्डच राहत नाही, तो प्लॉट नंबरही असू शकतो.

नवीन बोर्डांवर लाल पारदर्शक फिल्मचा आहे. म्हणजे खाली पांढरी परावर्तक शीट पूर्ण चकतीवर, तिच्यावर लाल पारदर्शक फिल्म मशीनवर कापून चिकटवलेली, कारागीर तिला ईसी फिल्म म्हणतात. उजेड लाल फिल्ममधून आत जातो, मागच्या शीटवरून परत फिरतो आणि लाल होऊनच डोळ्यात येतो. याउलट साधा लाल व्हिनाइल स्टिकर लावला किंवा ऑइलपेंट मारला तर दिवसा सुंदर दिसतं पण रात्री हेडलाइटमध्ये ती कडा काळी दिसते, कारण उजेड आत जाऊच शकत नाही. काळ्या रंगाचं मात्र उलट, आकडा आणि चित्र काळंच राहायला पाहिजे, ते चमकायला नको. आमच्या आधीच्या पुरवठादाराने आकडासुद्धा 'चमकणारा' करून दिला होता, रात्री २० आणि पांढरं एकमेकांत मिसळून जायचं.

हे तपासायची पद्धत फार सोपी आहे आणि प्रत्येकाने माल ताब्यात घेताना करावी. अंधार पडू द्या, बोर्ड भिंतीला उभा करा, वीस-पंचवीस पावलं मागे जा आणि टॉर्च कानाजवळ, डोळ्याच्या पातळीला धरून मारा. कमरेजवळ धरून नाही, कारण ही शीट उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते, टॉर्च खाली असेल तर तो खालीच जातो आणि तुम्हाला वाटतं बोर्ड खराब आहे. लाल कडा भडक लाल दिसली पाहिजे, पांढरं दुधासारखं एकसारखं दिसलं पाहिजे, आकडा मिट्ट काळा. मी हे युनिटमध्येच करून बघितलं, त्यांनी शटर ओढून दिलं, काही कुरकुर नाही, यासाठी त्यांना माझ्याकडून पूर्ण मार्क.

शीटच्या प्रकारावर थोडं जास्त बोलतो कारण खरा पैसा आणि खरी फसवणूक तिथेच आहे. टाइप १ म्हणजे इंजिनियर ग्रेड, काचेच्या बारीक मण्यांची, दिसायला गुळगुळीत. टाइप ४ म्हणजे हाय इंटेन्सिटी प्रिझमॅटिक, जवळून बघितलं की चौकटी-चौकटींची जाळी दिसते. टाइप ११ त्याच्याही वर. दिवसा तिन्ही पांढरे, तिन्ही सारखेच. अमेरिकन एएसटीएम डी ४९५६ मानकात पांढऱ्यासाठी किमान चमक दिलेली आहे, ०.२ अंश कोनाला टाइप १ ला ७०, टाइप ४ ला ३६०, टाइप ११ ला ५८०. म्हणजे स्वस्त आणि मधल्यात पाचपट फरक, आणि दुकानात उजेडात बघून तो कळतच नाही.

आता ०.२ अंश म्हणजे काय, तर हेडलाइट, बोर्ड आणि ड्रायव्हरचा डोळा यांच्यातला कोन. लांबून येणाऱ्या कारला तो छोटा असतो. पण आमच्याकडे ट्रॅक्टर! हेडलाइट खाली बॉनेटच्या तोंडाला आणि ड्रायव्हर वर उंच सीटवर बसलेला, कारपेक्षा अंतर जवळपास दुप्पट, त्यात यार्डात बोर्ड लांबून नाही, जवळूनच दिसणार, म्हणजे कोन अजून मोठा. कोन ०.५ अंश झाला की टाइप १ चं किमान ३० वर येतं, टाइप ४ चं १५०, टाइप ११ चं ४२०. बोर्डाने परत पाठवलेला उजेड हेडलाइटच्या आसपासच पडतो आणि वर बसलेल्या माणसापर्यंत फार थोडा पोचतो. आमचे जुने बोर्ड गार्डच्या मोटारसायकलवरून बरे दिसायचे आणि ट्रॅक्टरवाले म्हणायचे 'साहेब बोर्ड दिसत नाय', तर आमच्या ऑफिसात लोकांना वाटायचं ड्रायव्हर बहाणे करतात. ड्रायव्हर बरोबर बोलत होते. मी स्वतः रात्री ट्रॅक्टरवर शेजारी बसून गेलो तेव्हा फरक डोळ्यांनी दिसला.

आम्ही वजनकाट्याचा स्टॉप टाइप ११ मध्ये घेतला आणि बाकीचे टाइप ४ मध्ये. हंगामभर बघून माझं मत असं की ट्रॅक्टर आणि ट्रक जिथे जास्त, तिथे सगळेच टाइप ११ घ्यावेत. सोसायटीत किंवा शाळेत, जिथे कार आणि टू-व्हीलर आहेत, तिथे टाइप ४ भरपूर झाला. टाइप ४ ला ७ वर्षं आणि टाइप ११ ला १० वर्षं वॉरंटी असते, ती शीट बनवणाऱ्या कंपनीच्या लेटरहेडवर मागा, युनिटच्या तोंडी शब्दावर नाही. ३एम, एव्हरी डेनिसन, ओराफोल असे मोठे लोक यात आहेत, अस्सल शीटवर त्यांची खूण असते, बोर्डाच्या मागे शीटचा प्रकार, लॉट नंबर आणि बनवल्याचा महिना लिहिलेलं स्टिकर लावून घ्या. आमच्या युनिटने न सांगता लावलं होतं.

एक गोष्ट जवळून दाखवतो. टाइप ४ च्या शीटमध्ये प्रत्येक छोट्या चौकटीत प्रिझमच्या मागे हवा बंद केलेली असते, त्या हवेमुळेच उजेड आतून फिरून परत येतो. त्या चौकटीत पाणी शिरलं की तेवढी चौकट मेली, रात्री तिथे काळा ठिपका. म्हणून बोर्डाच्या तोंडावरून आरपार भोक पाडून बोल्ट मारायचा नाही, मागे अँगलची फ्रेम रिव्हेट करायची आणि बोल्ट त्या फ्रेमला. गेटवरच्या एका बोर्डाला आमच्याच वर्कशॉपच्या पोरांनी वर 'सावकाश' अशी पाटी जोडायला चार भोकं पाडली, अवकाळी पाऊस झाला, आणि आठवड्याभरात भोकांभोवती काळे चट्टे पसरले. दिवसा काहीच दिसत नाही. टॉर्च मारला की बोर्ड देवी आल्यासारखा.

आकारावर येतो. नियमाची चिन्हं गोल असतात, पण दोन मुद्दाम वेगळी आहेत, स्टॉप अष्टकोनी आणि 'रस्ता द्या' खाली टोक असलेला त्रिकोण. कारण ही दोन पाळली नाहीत तर थेट धडक होते, म्हणून ती मागून, चिखलाने माखलेली, रंग न दिसता, नुसत्या बाह्याकारावरून ओळखता आली पाहिजेत. स्टॉपचा अष्टकोन अमेरिकेत १९२० च्या दशकात ठरला आणि गंमत म्हणजे तिथे तो कित्येक वर्षं पिवळा होता, कारण न उडणारा लाल मिळत नव्हता, टिकाऊ लाल मिळायला लागल्यावर १९५४ मध्ये लाल झाला. म्हणजे रंग उडायची अडचण फक्त आमच्या तालुक्याची नाही!

आमच्या यार्डात आकाराचं महत्त्व दोन कारणांनी कळलं. एक म्हणजे जुने सोडियम दिवे. त्यांच्या पिवळ्या उजेडात लाल रंग तपकिरी-मळकट दिसतो, हा बोर्डाचा दोष नाही, त्या दिव्याचाच आहे. बैलगाडीला हेडलाइट नसतो, मग परावर्तक शीट कितीही भारी असली तरी गाडीवानाला तिचा काही उपयोग नाही, त्याला दिव्याच्याच उजेडात बघायचंय. तिथे अष्टकोन अष्टकोनच दिसतो. आता काट्याजवळ पांढरे एलईडी लावून घेतलेत, लाल लाल दिसायला लागला. दुसरं म्हणजे लाल-हिरवं नीट न कळणारे लोक असतातच, आणि २०२० पासून सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्सही मिळतं, मिळायलाच पाहिजे, त्यांच्यासाठी आकार आणि काळं-पांढरं हेच खरं. म्हणून कुणी म्हणालं की 'स्टॉप पण गोलच करा, पत्रा वाचतो', तर ऐकू नका. आम्हाला हा सल्ला मिळाला होता.

नो पार्किंगबद्दल मात्र मानकावरच माझी तक्रार आहे. निळी पार्श्वभूमी, लाल कडा, लाल तिरकी पट्टी. दिवसा लांबूनच ओळखू येतो. रात्री बघा, टाइप ४ मध्ये पांढऱ्याला किमान ३६० असतं तर लालला ६५ आणि निळ्याला फक्त ३०, आणि या चिन्हात पांढरं जवळपास नाहीच. बाकीचे बोर्ड लखलखतात आणि हा शेजारी मंद, हायड्रंटसमोर रात्री ट्रॉली लागायच्या त्या लागतच राहिल्या. बनवणाऱ्याचा यात दोष नाही, माल मानकाप्रमाणेच आहे. आम्ही खाली पांढऱ्या शीटची वेगळी पाटी लावली, 'हायड्रंट, वाहन लावू नये' असं काळ्या अक्षरात, तेव्हा फरक पडला. ज्यांना रात्रीचा नो पार्किंग महत्त्वाचा आहे त्यांनी पहिल्यापासूनच ही खालची पाटी ऑर्डरमध्ये धरा. स्टॉपलाही तसंच केलं, अष्टकोनात स्टॉप आणि खाली पाटीवर 'थांबा, काट्यावर एकच वाहन'. चिन्हाच्या आत मात्र काही घुसवायचं नाही, ना कारखान्याचं बोधचिन्ह, ना चेअरमनसाहेबांचं नाव, ना 'सौजन्य'. आमच्याकडे सूचना आली होती, युनिटवाल्यानेच स्पष्ट नाही म्हटलं, की खाली स्वतंत्र पाटी देतो पण चकतीत नाही. आणि वेगमर्यादेच्या गोलात नुसता आकडा असतो, 'स्पीड लिमिट' नाही, 'कि.मी.' नाही. आकडा जेवढा मोठा तेवढा लांबून वाचता येतो, शब्द घातले की आकडा बारीक करावा लागतो.

चुका झाल्या त्याही लिहितो. 'बैलगाडी बंद' मागितला तर पहिल्यांदा आला तो टांग्याचा, घोडा जोडलेला. मानकात दोन्ही वेगळी चिन्हं आहेत, हातगाडीचं अजून वेगळं. ऊसतोडीच्या गाड्या घेऊन बीडकडून येणाऱ्या माणसाने घोडा बघून 'हे आपल्यासाठी नाही' म्हटलं तर त्याचं काय चुकलं? बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, पण दोन आठवडे लावले आणि तोपर्यंत हंगाम सुरू झालेला. दुसरं, खांब पिवळे-काळे रंगवून पाठवले. साइन बोर्डाच्या खांबाला काळे-पांढरे पट्टे असतात, २५-२५ सेंटिमीटरचे. यावर मात्र त्यांनी थोडी हुज्जत घातली, 'सगळे असेच घेतात' वगैरे. शेवटी आम्हीच रंगवले. बोर्डाची मागची बाजू राखाडी असते, ती बरोबर होती, आणि ती राखाडीच पाहिजे, मागून येणाऱ्याला उगाच काही चमकताना दिसायला नको.

बसवायचं काम आम्ही आमच्या माणसांकडून केलं. कर्ब (कडेचे उंच दगड) नसलेल्या रस्त्यावर बोर्डाची जवळची कड डांबराच्या कडेपासून २ ते ३ मीटर लांब असावी असं कोडात आहे, आणि उसाच्या ट्रॉलीकडे बघून मी म्हणेन की ३ मीटरच धरा, बाहेर आलेला ऊस बोर्डाला ओरखडे पाडत जातो. बोर्ड रस्त्याच्या डाव्या हाताला, आणि तोंड अगदी समोर न ठेवता किंचित बाहेरच्या बाजूला वळवलेलं, नाहीतर आरशासारखी तिरीप येते. गेटच्या बाहेर मात्र आम्ही काही लावलं नाही. आत खाजगी जागा आहे, बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर नियमाची चिन्हं लावायचा अधिकार कलम ११६ प्रमाणे सरकारचा किंवा त्यांनी नेमलेल्या खात्याचा, तिथे अर्ज करा आणि पाठपुरावा करा.

भुसा बसतो, तो दर पंधरवड्याला पाण्याने आणि मऊ कापडाने काढतो. थिनर, पेट्रोल, काथ्या अजिबात नाही. धुतल्यावर चमक पूर्ण परत येते.

किमतीचं विचाराल तर फ्लेक्सवाल्याच्या बोर्डापेक्षा साधारण तिप्पट-चौपट पडले, टाइप ११ त्याहून जास्त. पत्रा अॅल्युमिनियमचा, ६०० मिलिमीटरच्या गोलाला १.५ मिलिमीटर जाडीचा. भंगारात भाव येतो म्हणून चोरीची भीती होती, युनिटवाल्यांनी नटबोल्ट घट्ट केल्यावर मागून वेल्ड मारायला सांगितलं, अजून एकही गेलेला नाही. एसीपीचाही (अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनल) पर्याय देतात, तो कुणी चोरत नाही, पण कडा नीट सील केलेल्या आहेत का ते बघूनच घ्या.

मालाला पाचपैकी साडेचार, डिलिव्हरीला तीन. येत्या हंगामाआधी 'रस्ता द्या' आणि २० चे बोर्ड टाइप ११ मध्ये बदलायची मागणी मी टाकलीय आणि बैलगाडीच्या चित्राचा नमुना यावेळी ऑर्डरसोबतच जोडलाय. आपल्याकडे कुणी ट्रॅक्टरच्या वाहतुकीसाठी टाइप ९ वापरला असेल तर कसा आहे तेवढं खाली लिहा.